फुकटाचा डॅशबोर्ड कितीला पडतो?

घरी बसून दुसऱ्यांच्या दुकानांचे हिशेब, जाहिराती, मालसाठा सांभाळून देणारी मुले-मुली आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. कुणी बी.कॉम. होऊन टॅली शिकलेली सून, कुणी बेंगळूरची नोकरी सोडून आई-वडिलांजवळ परत आलेला इंजिनिअर. यांना फ्रीलान्सर म्हणतात. यांच्या गिऱ्हाइकांची हल्ली एकच मागणी असते, ‘सगळं मोबाईलवर एका नजरेत दिसलं पाहिजे.’ मोटार चालवणाऱ्यासमोर काट्यांची पाटी असते तशी धंद्याची पाटी, म्हणजे डॅशबोर्ड. तो तयार करणारी सॉफ्टवेअरे ढीगभर आहेत. त्यातले परवडणारे कोणते, हा प्रश्न वरवर पैशांचा वाटतो. निम्मा तसा आहेही.

आधी पैशांचेच बोलू. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयचे नाव सगळ्यांत जास्त ऐकू येते. त्याची संगणकावर बसवायची आवृत्ती फुकट आहे, पण ती विंडोजवरच चालते. आपल्या संगणकावर झकास तक्ते काढता येतात. ते गिऱ्हाइकाला खासगीत दाखवायचे म्हटले की पैसे सुरू. त्याच्या प्रो परवान्याचा अमेरिकेतला दर एप्रिल २०२५ मध्ये महिना माणशी १० वरून १४ डॉलर झाला. आणि परवाना करणाऱ्यालाही लागतो, पाहणाऱ्यालाही! दोघांचे वर्षाचे ३३६ डॉलर. डॉलरला ९० रुपये धरले तर तीस हजारांच्या वर, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे पस्तीस हजार ओलांडले. महिना दोन-तीन हजार देणाऱ्या गिऱ्हाइकासाठी हा खर्च म्हणजे कमाईपेक्षा भाडे भारी. शिवाय साध्या जीमेलच्या पत्त्यावर तिथे खातेही उघडत नाही, कामाचा वेगळा ई-मेल लागतो.

मग मंडळी फुकटाकडे वळतात. गूगलचे साधन २०१६ साली डेटा स्टुडिओ या नावाने आले, २०२२ साली त्याचे लुकर स्टुडिओ झाले. गूगल शीटमधले आकडे ते सरळ उचलते, पाहणाऱ्यालाही काही द्यावे लागत नाही. लहान धंद्यासाठी माझे मत याच्याच बाजूने आहे. पण फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींचे आकडे त्यात आपोआप आणायचे तर मध्ये तिसऱ्याच कंपनीचा जोड घ्यावा लागतो आणि त्याचे बहुधा दरमहा बिल येते. महिन्यातून एकदा तेच आकडे उतरवून घेऊन शीटमध्ये चिकटवायला पाव तास लागतो. दोन-तीन गिऱ्हाइके असताना तो पाव तास स्वस्त पडतो.

‘फुकट’ या शब्दाची दुसरी बाजू जास्त जपण्यासारखी आहे. टॅब्लो पब्लिक हे सुंदर चित्रे काढणारे साधन फुकट आहे, कारण त्यावर प्रसिद्ध केलेले काम सगळ्या जगासाठी उघडे असते. पॉवर बीआयमध्येही ‘वेबवर प्रसिद्ध करा’ अशी सोय आहे. तिचा दुवा ज्याच्या हाती लागेल त्याला सगळे दिसते, पासवर्ड लागत नाही. समजा, शहापुरातल्या एखाद्या साडी दुकानाची विक्री, उधारी आणि विणकरांना दिलेला भाव तुम्ही असा मांडून ठेवलात. खडेबाजारातल्या दुसऱ्या दुकानदाराने तो बसल्या जागी वाचला, तर तुमचे गिऱ्हाईक जाईलच, पण बाजारात तुमचे नाव काय उरेल? गावाच्या आकड्यांसाठी, अभ्यासासाठी ही साधने खुशाल वापरावीत. कुणाच्या गल्ल्याचे आकडे तिथे नेऊ नयेत.

आता उरलेला निम्मा प्रश्न, जो बेंगळूर-पुण्याच्या कोणत्याही व्हिडिओत सापडायचा नाही, तो आपल्या दोन भाषांचा. आपल्याकडच्या दुकानांतली गिऱ्हाइकांची यादी कधी मराठीत असते, कधी कन्नडमध्ये, कधी इंग्रजी अक्षरांत, आणि बऱ्याचदा एकाच यादीत तिन्ही! त्यातही जुन्या याद्या श्री-लिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. या फॉन्टांत पडद्यावर मराठी किंवा कन्नड दिसते, पण संगणकाच्या पोटात भलतीच चिन्हे साठवलेली असतात. डॅशबोर्डात नेले की नुसता कचरा. ओळखायची युक्ती सोपी आहे : मजकूर निवडून फॉन्ट बदलून एरियल करा. अक्षरे शाबूत राहिली तर ते युनिकोड. चित्रविचित्र खुणा झाल्या तर आधी बदलून घ्यावे लागेल. त्या कामाचे पैसे वेगळे सांगा, आणि सुरुवातीलाच सांगा. आकड्यांचेही तसेच. रक्कम देवनागरी किंवा कन्नड आकड्यांत लिहिलेली असेल तर शीट अनेकदा तिला मजकूर समजते आणि बेरीज शून्य दाखवते. नावे आपल्या लिपीत ठेवावीत, रकमेचे आकडे मात्र इंग्रजीत.

गावाच्या नावाची तर वेगळीच गंमत. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदप्तरी नाव बेळगावी झाले. यादीत मात्र बेळगाव, बेळगावी, बेलगाम आणि इंग्रजीतली दोन-तीन स्पेलिंगे गुण्यागोविंदाने नांदत असतात. नावावरून घरोघरी वाद होतात ते होऊ देत. सॉफ्टवेअर मात्र वाद न घालता त्यांची पाच वेगळी गावे करून टाकते आणि ‘सर्वांत जास्त विक्री कुठे’ याचे उत्तर साफ चुकते. त्यावर उपाय पिनकोडचा. ५९०००१ ला भाषा नाही. गिऱ्हाइकालाही एक क्रमांक द्यावा आणि मोजणी त्यावर करावी, नाव नुसते दाखवण्यापुरते.

म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी एक परीक्षा घ्या. मराठी, कन्नड, इंग्रजी मिळून पन्नासेक खऱ्या नोंदी त्यात घाला. शीर्षके दोन्ही लिप्यांत लावा, पीडीएफ काढा आणि ती मोबाईलवर उघडून पाहा. जोडाक्षरे तुटतात का, कन्नडच्या जागी चौकोन दिसतात का, ते तिथल्या तिथे कळते. परीक्षेत नापास होणारे सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी महाग.

इतर पर्यायांचे थोडक्यात. तामिळनाडूतल्या झोहो कंपनीच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये लहान कामापुरती फुकट योजना आहे, आणि पुढे पैसे भरायचे झाले तर रुपयांत भरता येतात, डॉलरचा चढउतार आणि बँकेची कात्री टळते. मेटाबेस मुक्तस्रोत आहे, पण ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवायला डेटाबेसची जाण हवी. ती नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. इंटरनेट धड नसलेल्या गावी लिबरऑफिस कॅल्क आणि त्यातले पिव्होट टेबल अजूनही उत्तम काम देते. आणि गिऱ्हाईक टॅली वापरत असेल तर आधी तिथे पाहा. टॅलीप्राईममध्ये २०२३ पासून डॅशबोर्ड आलेला आहे. जे त्याच्या घरातच आहे ते त्याला पुन्हा विकू नये.

खाते कुणाच्या नावाचे, हे लेखी ठरवून घ्या. गूगलच्या साधनात आकडे बहुधा ज्याने जोडले त्याच्या परवानगीवर चालतात. ते खाते बंद झाले किंवा शीट हातची गेली की डॅशबोर्ड कोरा. त्यामुळे शीट गिऱ्हाइकाच्याच खात्यात असावी आणि तुम्हाला तिथे फक्त काम करण्याची मुभा असावी. यात आपले गिऱ्हाईक सुटायची भीती वाटते खरी. पण त्याचा हिशेब आपल्या खात्यात अडकवून ठेवून टिकवलेले गिऱ्हाईक फार दिवस राहत नाही, जाताना दहाजणांना सांगून जाते.

आणि डॅशबोर्ड ज्याच्यासाठी केला तो माणूस कोण, तेवढे पाहा. मुलगा मोबाईलवर रंगीत तक्ते पाहील. पण सही करणारे आजोबा पेढीवर बसून विचारणार, ‘लेक्क बरोब्बर ऐतेनु?’ त्यांच्यासाठी महिन्याला एक पान काढा, मोठ्या अक्षरांत, डावीकडे मराठी आणि उजवीकडे कन्नड. त्यावर चारच आकडे असावेत : विक्री, येणे, देणे आणि शिल्लक माल.