दप्तर उतरले, तरी पाठ दुखते!

दिवाळीचा अंक उघडून वाचक चिवड्याच्या ताटलीशी बसले असतील, आणि अशा वेळी पाठदुखीचे रडगाणे लावू नये, एवढे मलाही कळते. परंतु काय करावे? यंदा आमच्या सीताबर्डीवर ज्या ज्या बिऱ्हाडी गेलो, तिथे आजोबांच्या गुडघ्यांची चौकशी करावी तर उत्तर नातवाच्या पाठीचे मिळाले. कमरेवर हात ठेवून ‘आई गं’ म्हणत उठणे हा पूर्वी वडीलधाऱ्यांचा मान होता. तो आता पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी हिरावून घेतला आहे.

मुलाची पाठ दुखते म्हटले, की घरोघर पहिला आळ येतो दप्तरावर. दप्तर काही साव नाही. आपल्याच विदर्भात, चंद्रपूरला, ऑगस्ट २०१६ मध्ये सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेतली. आठ विषयांची सोळा पुस्तके, पाच ते सात किलोंचे ओझे, आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर, अशी कैफियत त्यांनी मांडली. त्याच्या आदल्याच वर्षी राज्य शासनाने आदेश काढला होता, की दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही तेच प्रमाण सांगितले. म्हणजे चाळीस किलोंच्या मुलाच्या पाठीवर फार तर चार किलो. वाचकहो, घरात वजनकाटा असेल, तर एकदा दप्तर ठेवून पाहा.

पण गंमत पुढेच आहे. २०१८ साली संशोधकांनी दप्तर आणि पाठदुखी यांवरचे ६९ अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा दप्तरामुळेच मुलांची पाठ दुखू लागते, असे खात्रीने म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. दप्तर जड असू नये, हे खरेच. परंतु केवळ ते हलके केले म्हणून पाठ राहील, या भरवशावर बसू नये. ‘बसू नये’ हेच येथे महत्त्वाचे!

आपला कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके, आणि दोन मणक्यांमध्ये लवचिक गादी. हा मनोरा उभा धरतात ते पाठीचे, पोटाचे आणि कुल्ल्यांचे स्नायू. तंबूचा खांब दोरांनी ताणून धरावा, तसे. स्नायूंचा स्वभाव असा, की काम दिले तर ते बळावतात, आणि नुसते बसवून ठेवले तर सुस्तावतात. त्यात हे वय झपाट्याने उंची वाढण्याचे. सकाळपासून बाकावर, संध्याकाळी शिकवणीत, रात्री मान घालून मोबाईलवर, असा दिवस गेला की मांड्यांच्या मागचे स्नायू आखडतात, पोटाचे ढिलावतात, आणि साऱ्याचा भार कमरेवर येतो.

आमच्याच मजल्यावर एक मुलगी आहे. आठवीपर्यंत खो-खो खेळायची. जिना उतरताना तिचा पाय कधी पायरीला लागलेला मी पाहिला नाही. नववीत खेळ सुटला, यंदा ती बारावीला आहे. तिची कंबर धरली. डॉक्टरांनी तपासले, काळजीचे कारण नाही, हिला हालचाल हवी, म्हणाले. आई म्हणाली, “काका, एक वर्षाचा तर प्रश्न आहे. एकदा प्रवेश मिळू दे, मग खेळायला सारा जन्म पडला आहे.” मुलगी तेव्हा काहीच बोलली नाही. नंतर गॅलरीत मला हळूच म्हणाली, “काका, आईला वाटतं, अभ्यास टाळायला मी दुखतं म्हणते.”

हे वाक्य मला पाठदुखीपेक्षा अधिक लागले. दुखणे तिचे, आणि साक्षीदारही तिनेच आणायचा! मी तिच्या आईला एवढेच म्हटले, “वहिनी, हाडांची बहुतेक पुंजी विशीच्या आतच साठते. तो ठेवा पुढे ठेवायचा म्हटला, तर बँक बंद झालेली असते.” वहिनी हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून दोघी मायलेकी सकाळी महाराजबागेकडे फिरायला जाऊ लागल्या. कंबर अजून अधूनमधून कुरकुरते. मात्र तीन तासांची सराव परीक्षा ती आता बसून पुरी करते.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल करावी. २०१६ च्या आकडेवारीप्रमाणे जगातली अकरा ते सतरा वयाची ८१ टक्के मुले तेवढी करत नव्हती. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के! आणि हे आपल्याला कोणी शिकवावे? १९१४ साली वैद्य बंधूंनी शेजारच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे आपले देशी खेळ करून दाखवले. तिकडे औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार लावले. त्याला ना यंत्र लागते, ना वर्गणी. एका सतरंजीएवढी जागा पुरते.

म्हणून मुलांच्या आयांना आणि वडिलांना माझी विनंती. अर्ध्या-पाऊण तासाने मुलाला जागेवरून उठवा. दप्तर दोन्ही खांद्यांवर, पाठीलगत असू द्या. बर्डीच्या मेट्रो स्थानकावर सरकता जिना सोडून साधा चढा. मुले आपोआप मागे येतील. भुजंगासन, शलभासन, सेतुबंधासन ही तीन आसने जाणकाराकडून शिकून घ्यावीत. झोप आठ तासांहून कमी नको. आणि पाठ दुखते म्हणून मुलाला आठवडाभर निजवून ठेवू नका. साध्या दुखण्यात बेताने हिंडणेफिरणे हेच औषध.

मात्र रात्री झोपेतून उठवणारी कळ, ताप, घटणारे वजन, पायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, किंवा पडल्यानंतरचे दुखणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती लेप लावत बसू नये. आपल्याकडे मणक्याचा क्षयही आढळतो. त्वरित डॉक्टर गाठावा.

या सुट्टीत पोरे फटाके उडवून झाली, की त्यांना अंगणात, गच्चीवर, जिथे जागा असेल तिथे लंगडी घालायला लावा. पोरींना आधी बोलवा. आणि कोणी ‘पाठ दुखते’ म्हणाले, तर आधी खरे माना, उपाय त्यानंतर.