शिट्टीनंतरची दहा मिनिटे

बहुसंख्य नागरिकांची राज्यसत्तेशी गाठ पडते ती संसदेत किंवा न्यायालयात नव्हे, तर रस्त्यावर, पोलिसाने गाडी थांबविल्यावर. त्या शिट्टीनंतरच्या दहा मिनिटांत नागरिकाचे काय होते, यावरून त्या देशातील लोकशाहीची पारख घटनेच्या उद्देशपत्रिकेपेक्षा अधिक अचूक होऊ शकेल.

अमेरिकेत १७९१ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने विनाकारण झडतीला मज्जाव केला. तिचाच आधार घेऊन, कसलाही संशय नसताना केवळ परवाना पाहण्यासाठी वाटेल ती मोटार अडविणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली दिला. दंडाची चिठ्ठी देऊन झाल्यावर पोलिसी कुत्र्याकडून गाडी हुंगविण्यासाठी चालकाला सात-आठ मिनिटेही रोखून धरता येणार नाही, असेही २०१५ मध्ये ठरले. परंतु त्याच न्यायालयाने १९९६ साली एक मोठी पळवाट खुली करून ठेवली: एखादा किरकोळ नियम मोडलेला दिसला की अडवणूक वैध, मग पोलिसाच्या मनातला खरा हेतू काहीही असो. वाहतुकीचे नियम इतके बारीक असतात की कोणताही चालक कोणता ना कोणता नियम मोडतच असतो! साहजिकच कोणाला अडवावे हे पोलिसाच्या मर्जीवर राहिले, आणि ही मर्जी कृष्णवर्णीयांवर अधिक फिरते. २०१६ साली मिनेसोटात मागचा दिवा बंद असल्याच्या कारणावरून अडविलेला फिलांडो कॅस्टिल हा शाळेच्या उपाहारगृहातील कर्मचारी पोलिसाच्या गोळीने मेला. आपल्याजवळ पिस्तूल आहे हे त्याने स्वतःहून सांगितले होते, आणि ते परवान्याचे होते. गोळी झाडणारा पोलीस २०१७ मध्ये निर्दोष सुटला.

ब्रिटनमध्ये उलटा प्रकार आहे. १९८८ च्या कायद्यानुसार गणवेशातील पोलीस कारण न देता कोणतीही गाडी थांबवू शकतो. मात्र झडतीसाठी सबळ संशय लागतो. पोलिसाने आपले नाव, ठाणे व झडतीचे कारण सांगावे लागते. जवळ कागदपत्रे नसतील तर ती सात दिवसांत ठाण्यात नेऊन दाखविता येतात. या सात दिवसांचे मोल रोजंदारीवर गाडी चालविणाऱ्याला विचारावे.

भारतात कायदाच नाही, असे मुळीच नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३० प्रमाणे परवाना मागणारा पोलीस गणवेशात असावा लागतो. कलम २०६ प्रमाणे परवाना काढून घेतल्यास पोच द्यावी लागते, आणि तिच्यावर ठरावीक मुदतीपर्यंत गाडी चालविता येते. मोबाईलमधील शासकीय कागदपत्रे २०१८ पासून ग्राह्य आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने तर, कायदा राबविणाऱ्यानेच गुन्हा केल्यास त्याला दुप्पट दंड ठेवला आहे.

वस्तुतः अडचण अर्थशास्त्राची आहे. टेम्पोचालकाने पोच मागावी, पोलिसाने गाडी ठाण्यात घ्यावी, भाजीपाला उन्हात सडावा आणि दिवसाची कमाई बुडावी, यापेक्षा हातावर पन्नास-शंभर टेकविणे त्याला स्वस्त पडते. हक्क बजावण्याची किंमत लाचेहून जास्त असेल, तर शहाणा माणूस लाचच देईल; त्याला नीतीचे पाठ देण्यात अर्थ नाही. मोटारमालकाकडे मात्र वेळ असतो, ओळखी असतात आणि वकीलही.

दंडाचेही तेच. विनापरवाना गाडी चालविल्यास केंद्रीय कायद्याने ५,००० रुपये दंड आहे, मग चालक हमाल असो की कारखानदाराचा मुलगा. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारण्याची पद्धत आहे. नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला वेगाने मोटारसायकल हाकल्याबद्दल २००२ साली एक लाखाहून अधिक युरो दंड झाला होता. अपिलात तो बराच घटला, ही गोष्ट वेगळी!

तोवर रिक्षा आणि टेम्पो संघटनांना एक काम तरी आजच हाती घेता येईल. कलम १३० आणि २०६ यांचा मराठी मजकूर मोठ्या अक्षरांत प्रत्येक थांब्यावर लावावा, आणि पोच मागणाऱ्या चालकाची गाडी ठाण्यात नेली गेल्यास त्याच्या त्या दिवसाच्या बुडालेल्या कमाईचा भार संघटनेच्या निधीतून उचलावा.