कायदा झाला, यंत्रचालकाचे काय?

अमेरिकी काँग्रेसने २०१५ साली महामार्गविषयक कायद्यात एक लहानसे कलम घातले. रस्त्यांच्या दुतर्फा सरकारी ताब्यात असलेल्या जमिनीवर मधमाश्या, फुलपाखरे आदी परागवाहक कीटकांना आसरा मिळावा म्हणून राज्यांना उत्तेजन द्यावे, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी टेक्सासपासून मिनेसोटापर्यंतच्या सहा राज्यांनी ३५ क्रमांकाच्या महामार्गावर मोनार्क फुलपाखरासाठी सहकार्याचा करार केला. २०२१ च्या कायद्याने या कामाला अनुदानाची योजनाही दिली. कागदावर उणीव अशी फारशी उरली नाही. परंतु जुलैतल्या एखाद्या दुपारी अमुक मैलावरचे गवत कापायचे की राखायचे, याचा निवाडा वॉशिंग्टनमध्ये होत नाही. तो कापणीयंत्रावर बसलेला कामगार करतो.

त्या निवाड्यावर बरेच अवलंबून आहे. मोनार्कचे थवे मेक्सिकोतील डोंगरी रानात हिवाळा काढतात व त्यांनी व्यापलेल्या क्षेत्रावरून त्यांची संख्या अजमावली जाते. १९९६-९७ च्या हिवाळ्यात हे क्षेत्र १८ हेक्टरांहून अधिक होते. २०२३-२४ मध्ये ते ०.९ हेक्टरवर आले. पुढील हिवाळ्यात ते १.७९ हेक्टर झाले, याला दिलासा म्हणायचे तर म्हणावे! या फुलपाखराचे सुरवंट मिल्कवीड या, आपल्या रुईच्या कुळातील, वनस्पतीखेरीज काहीही खात नाहीत. तणनाशकाला दाद न देणारी मका व सोयाबीनची वाणे आल्यापासून मध्यपश्चिमेच्या शेतांतून ती झपाट्याने नाहीशी होत गेली. म्हणून रस्त्याच्या कडेला एवढे महत्त्व.

रस्तेखात्यात मात्र पिढ्यान् पिढ्या एकच शिकवण चालत आलेली आहे: गवत आखूड, कडा स्वच्छ, म्हणजे काम चोख. आता त्याच कामगाराला जवळजवळ उलटे शिकवायचे आहे, आणि तेही वाहतुकीच्या सुरक्षिततेला धक्का न लावता. वळण दिसले पाहिजे, घसरलेल्या मोटारीला मोकळी जागा हवी. तेव्हा कडेलगतचा पट्टा कापावाच लागेल. त्यापलीकडचे गवत उन्हाळाभर राखायचे, थंडी पडल्यावर कापायचे आणि तेही सगळे एकदम नव्हे. कोवळे मिल्कवीड व तसेच दिसणारे डॉगबेन यांतला फरक ओळखायचा. कायद्याने नष्ट करावयाच्या उपद्रवी तणावर तेवढा फवारा मारायचा. पडद्यावर चित्रे दाखवून तासाभरात येणारी ही विद्या नव्हे. ती रोप हातात घेऊन, प्रत्यक्ष रस्त्यावरच यायची. शिवाय कापणी ठेक्याने दिलेली असेल आणि मोबदला कापलेल्या एकरांवर ठरत असेल, तर राखलेल्या फुलांचे पैसे ठेकेदाराला कोण देणार? गवत माजल्याची तक्रार कचेरीत आली की वरिष्ठ कामगाराच्या पाठीशी उभे राहतील काय? प्रशिक्षणाचा पहिला वर्ग खरे तर वरिष्ठांसाठीच भरवला पाहिजे.

रस्त्याकडेला फुलपाखरे बोलावणे म्हणजे त्यांना मोटारींखाली लोटणे, असा एक आक्षेप आहे. तो पोकळ नाही. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठही कडेच्या झाडोऱ्यात उतरते. पण शेतात जागा उरलेली नसताना हा आक्षेप कडा साफ करण्याचे समर्थन ठरत नाही. फार तर अधिक रहदारीच्या मार्गापेक्षा आडरस्ते आधी निवडावेत, एवढेच त्यातून निघते.

२०२० मध्ये रस्तेखाती व वीजकंपन्यांसाठी मोनार्कविषयक ऐच्छिक करार झाला. जमिनीचा ठरावीक हिस्सा राखावा, त्याची नोंद ठेवावी आणि मोबदल्यात ही जात संरक्षित यादीत आली तरी जादा बंधनांतून मोकळीक मिळवावी, असा हा व्यवहार. डिसेंबर २०२४ मध्ये तिला यादीत घालण्याचा प्रस्तावही मांडला गेला. आता नोंदवहीत राखलेला म्हणून लिहिलेला पट्टा जुलैअखेर खरोखर उभा असतो की नाही, हे कुणीतरी जाऊन पाहावयास हवे.