जुनें घर विकतांना

देवळाली कॅम्पची निरोगी हवा पाहून वाडवडिलांनीं बांधलेलें घर विकण्याची वेळ आली म्हणजे मन हळवें होतें आणि कराचा विचार मागें पडतो. घर १ एप्रिल २००१ पूर्वींचें असल्यास त्या दिवसाची वाजवी किंमत, सरकारी मुद्रांक-मूल्याच्या मर्यादेंत, मूळ खर्च म्हणून धरतां येते. विक्रीनंतर २ वर्षांत दुसरें राहतें घर घेतल्यास, किंवा ३ वर्षांत बांधल्यास, त्यांत गुंतविलेल्या नफ्यावर कर पडत नाहीं. मात्र विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न गुंतविलेला नफा बँकेंतील ‘भांडवली नफा खात्यांत’ ठेवावा. साध्या बचत खात्यांत ठेवल्यास सवलत हातची जाते. घर भावाभावांच्या नांवें असेल, तर थोरल्यानें घेतलेल्या घरामुळें धाकट्याचा कर सुटत नाहीं, हें आम्ही आवर्जून सांगतों.