एक्सप्लेनर : गोव्यातला नाताळ 31 डिसेंबरला संपतो का?

पर्यटकांचा नाताळ डिसेंबर लागताच सुरू होतो आणि थर्टी फर्स्टच्या रात्री संपतो. गोव्यातल्या कॅथलिक घरांचं कॅलेंडर मात्र वेगळं आहे.

आधी वाट पाहणं, मग सण
25 डिसेंबरपूर्वीचे चार रविवार म्हणजे आगमन काळ. हे दिवस प्रार्थनेचे, पापनिवेदनाचे. 24 तारखेच्या रात्रीच्या मिस्सेनंतर खरा सण सुरू होतो. पुढे 6 जानेवारीला रेइश मागुश, चांदोर इथे तीन राजांचं फेस्त असतं.

अडचण कुठे?
वाट पाहण्याच्या दिवसांतच सेल आणि पार्ट्या जोरात असतात. मिस्सा सुरू असताना कुणी रील काढत असेल, तर प्रार्थनेला आलेल्यांचं लक्ष विचलित होतं.

मग पर्यटक नकोत?
तसं नाही. टॅक्सी, गेस्ट हाऊस, शॅक यांवर अनेक कॅथलिक घरंही चालतात. शिवाय शेजारच्या हिंदू घरी नेवऱ्या, दोदोल पाठवणारा हा सण पाहुण्यांना परका मानत नाही. प्रश्न वागण्याचा आहे. चर्च हे शूटिंगचं लोकेशन नाही. मिस्सेला जरूर जा, पण फोन खिशात ठेवा. गोठ्यात जन्मलेल्या बाळाचा हा सण झगमगाटाशिवायही पूर्ण होतो. प्रार्थनेशिवाय होत नाही.