वाचनाची गोडी आणि डब्यावरचे बारीक अक्षर



दिवाळी आटोपली. वावरात सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू झाली. दिवस लहान झाले, रात्री मोठ्या झाल्या. जेवणे लवकर उरकतात आणि झोपेपर्यंत तास-दीड तास हाताशी उरतो. त्या वेळाबद्दलच आज बोलायचे आहे.

एरवी या सदरात मी बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी लिहितो. पण मागे एका भगिनीने पत्रातून विचारले, "माझा मुलगा शाळेत जातो, पण पुस्तकाला हात लावत नाही. त्याला वाचनाची गोडी कशी लावावी?" पत्र वाचून आधी वाटले, हा प्रश्न शिक्षण खात्याचा, शेती खात्याच्या माणसाने यात काय सांगावे? मग लक्षात आले की हा प्रश्न आमच्याही खात्याचा आहे. कसा, ते सांगतो. त्यासाठी थोडे माझ्या घरचे सांगावे लागेल.

आमची कोरडवाहू जमीन. वडील पऱ्हाटी, तूर, ज्वारी करीत. आईला आम्ही माय म्हणत असू. माय शाळेची पायरी चढली नव्हती, पण तिला गोष्टी किती ठाऊक! याचे कारण शेजारच्या आबाजींची ओसरी. चातुर्मासात तिथे रोज रात्री पोथी लागायची. कधी हरिविजय, कधी पांडवप्रताप. आबाजी ओवी म्हणत, मग तिचा अर्थ सांगत. बाया वाती वळत ऐकत. मी मायच्या मांडीवर डोके टेकून असायचो आणि निम्म्यात झोपून जायचो. सकाळी चुलीपुढे बसून मी विचारायचो, "माय, मग काय झालं?" भाकरी थापता थापता माय राहिलेली गोष्ट पुरी करायची. माझ्या वाचनाची सुरुवात अशी ऐकण्यापासून झाली. अक्षरओळख पुढची.

गावात सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होई आणि तिथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता वाचली जाई. हा ग्रंथ १९५५ साली निघाला. त्याचे ४१ अध्याय आहेत. त्यात देवाधर्माबरोबर गावाची स्वच्छता, आरोग्य, शिक्षण, व्यसन यांचाही विचार आहे. पोथीत द्वारका आणि हस्तिनापूर यायचे, ग्रामगीतेत मात्र आमच्यासारखेच गाव आले. पुस्तक आपल्या गल्लीबद्दलही बोलू शकते, हे तेव्हा पहिल्यांदा कळले.

शाळेत पुस्तकांची एक लोखंडी पेटी होती. तिला कुलूप असे. मुले पुस्तके फाडतील ही भीती. त्यामुळे पुस्तके धड राहिली आणि पोरे कोरी राहिली! पाचवीत असताना एका नव्या गुरुजींनी ते कुलूप उघडले आणि माझ्या हाती साने गुरुजींचे 'श्यामची आई' ठेवले. म्हणाले, "घरी ने. आठ दिवसांत वाचून झाले नाही तरी चालेल, पण पेटीत पडून राहायला नको."

रात्री कंदिलाजवळ वाचायला बसलो, तर वडील रागावले. रॉकेल रेशनवर मोजून मिळायचे. ते म्हणाले, "तुह्यापुरतं वाचशीन तं कंदील इझव. आमाले आयकू येईन असं वाचशीन तं राहू दे." कंदील विझू नये म्हणून मी मोठ्याने वाचू लागलो.

आज वाटते, वडिलांचे ते एक वाक्य दहा शिक्षकांचे काम करून गेले. 'श्यामची आई' हे पुस्तक तर मोठ्याने वाचण्यासाठीच जणू लिहिलेले आहे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते छापून निघाले. त्यात प्रकरणांऐवजी रात्री आहेत. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री. आम्हीही तसेच केले, एका रात्रीला एक गोष्ट. कोकणातले घर, तिथली माणसे, तिथले रीतिरिवाज आमच्याहून वेगळे. पण माय डोळ्यांना पदर लावून म्हणायची, "हे तं आपल्यातलीच बाई वाटते रे बाप्पा." वडील भिंतीकडे तोंड करून झोपल्याचे सोंग घेत. दुसऱ्या दिवशी डवरणीच्या वेळी मात्र हळूच विचारत, "त्या पोराच्या बापाचं कर्ज फिटलं का रे?" शेतकऱ्याला पुस्तकातले काय लागते, ते मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर हात थांबला नाही. चांदोबातला विक्रम आणि वेताळ, पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ साली सुरू केलेला 'किशोर', किराणा बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद, जे दिसेल ते वाचू लागलो. अकोल्याला कृषी पदवीसाठी गेलो तेव्हा वसतिगृहात उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी हाती आली. १९६० सालची ही कादंबरी. तिच्यातली कौतिक आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलते. वर्गात तोंडून वऱ्हाडी शब्द निघाला की मी शरमत असे. तीच बोली पुस्तकात पाहिली आणि ती शरम गेली. पुढे आनंद यादवांचे 'झोंबी' वाचले. शिकण्यासाठी स्वतःच्या बापाशी झुंजणाऱ्या कागलच्या शेतकरी पोराची ती खरी कहाणी. १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते वाचताना माझ्या वडिलांचा कंदील आठवला आणि मी किती नशीबवान होतो ते उमगले.

सुटीत घरी जाताना मायसाठी बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचे पुस्तक नेले. बहिणाबाई जळगावकडच्या शेतकरी कुटुंबातल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या १९५१ साली गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. हे सांगितल्यावर माय बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ज्याले वाचता येत नाही, त्याच्याजवळबी पुस्तक असते म्हणायचं!" मायच्या या बोलण्याला मी आजवर उत्तर शोधलेले नाही, कारण ते खरेच आहे.

आता आमच्या खात्याकडे वळतो.

नोकरीला लागल्यापासून मी किती घडीपत्रिका वाटल्या असतील, त्याची गणती नाही. पेरणीच्या, फवारणीच्या, माती परीक्षणाच्या. कागद हातात दिला, रजिस्टरवर सही घेतली, की आपले काम झाले असे मला वाटे. मग २०१७ चा खरीप आला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हवा उष्ण आणि दमट, दोन-तीन औषधे एकत्र केलेली, अंगावर धड कपडा नाही, तोंडाला रुमाल तेवढा. कारणे एक ना अनेक होती. सगळा दोष फवारणाऱ्याच्या माथी मारणे हा मोठा अन्याय होईल.

माझ्या कामाच्या गावातला एक ओळखीचा शेतकरी तेव्हा दवाखान्यात होता. नशिबाने वाचला. भेटायला गेलो तर खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "सायेब, तुमी कागद देल्ला होता, खोटं काहून बोलू? पन तो वाचून कोनं दाखवला?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. तो दुसरीत शाळा सोडलेला माणूस. औषधाच्या डब्यावरचे अक्षर इतके बारीक की मलाही चष्मा लावावा लागतो. मी कागद दिला होता, पण शब्द त्याच्या कानापर्यंत पोचवला नव्हता. माझ्या वडिलांना तरी कोणी कागद देऊन काय झाले असते? त्यांच्या कानावर अक्षर पडले ते मी मोठ्याने वाचले म्हणून.

त्या दिवसापासून मी कागद वाटण्याआधी पारावर बसून तो मोठ्याने वाचू लागलो. पण मी गावात येणार महिन्यातून एकदा-दोनदा. रोज वाचणारे माणूस प्रत्येक घरातच तयार व्हायला हवे होते.

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. अध्यक्षा अरुणा ढेरे होत्या आणि उद्घाटन केले ते आपल्या कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी. त्या शेतकरी कुटुंबातल्या. कर्जापायी पतीने जीवन संपवल्यावर अंगणवाडीत काम करून संसार ओढणाऱ्या. पुस्तके ही शहरातल्या लोकांची, असे म्हणणाऱ्यांनी ते व्यासपीठ आठवावे. त्या संमेलनात पुस्तकांच्या दुकानातून मी 'श्यामची आई'ची एक प्रत घेतली आणि त्या शेतकऱ्याच्या घरी नेऊन दिली. त्याची मुलगी तेव्हा सहावीत होती. तिला एकच अट घातली, "मनातल्या मनात वाचायचे नाही. आजीला, बाबाला ऐकू येईल असे वाचायचे. एका रात्रीला एकच गोष्ट."

४२ रात्रींना त्यांना तीन महिने लागले. मध्ये लग्नसराई आली, कधी वीज गेली. पण पुस्तक पुरे झाले. त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास ती मुलगी मला पंचायत समितीच्या आवारात भेटली. हातात औषधाबरोबर आलेली घडीपत्रिका. म्हणाली, "काका, साताबाराचा उतारा मला माहीत आहे. मराठीच्या पेपरात उतारा येतो, तोही माहीत आहे. पण औषधाच्या कागदावर उतारा कशाला लिहिला?"

मी तिला समजावले, की विषबाधा झाली तर डॉक्टरांनी कोणते औषध द्यायचे ते तिथे लिहिलेले असते. विषावरचा उपाय म्हणजेही उताराच. म्हणून दवाखान्यात जाताना तो कागद किंवा डबा सोबत न्यायचा असतो. ती म्हणाली, "मग हा कागद बाबाच्या पंपाजवळच ठेवते." मी इतकी वर्षे कागद वाटले, पण त्यातला एक शब्द विचारायला माझ्याकडे आलेली ती पहिली.

तर भगिनी, तुमच्या पत्राचे उत्तर हे असे आहे. ज्याला गोष्ट वाचायची गोडी लागते, तोच पुढे डब्यावरचे बारीक अक्षर वाचतो, कर्जाचा कागद सही करण्याआधी वाचतो, विम्याची अट वाचतो. आधी गोष्ट, मग कागद. आपण उलटे करतो. पोरांना आधी अभ्यास देतो आणि गोष्टीला वेळ वाया घालवणे म्हणतो.

आणि पुस्तक आपोआप हाती येत नाही, ते देणारे माणूस लागते. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाचा आपल्यावर परिणाम झाल्याचे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यानंतर ४९ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला काय झाले ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको. पुस्तक देताना केळुसकर गुरुजींना यातले काय ठाऊक असणार? एक होतकरू मुलगा बागेत वाचत बसतो, एवढेच त्यांनी पाहिले होते.

आता करायचे काय, ते थोडक्यात सांगतो.

१) आज रात्री जेवणानंतर अर्धा तास मोबाईल फळीवर ठेवा. घरातल्या मुलाने किंवा मुलीने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. चुकला तर हसू नका.

२) सुरुवात गोष्टीने करा. 'श्यामची आई'च्या स्वस्त आवृत्त्या अनेक प्रकाशकांनी काढल्या आहेत. मुले लहान असतील तर 'किशोर' चांगला.

३) गावात किंवा जवळच्या मोठ्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे का, ते पाहा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते. ती आपल्यासाठीच आहेत. शाळेच्या पेटीला कुलूप असेल तर ग्रामसभेत विचारा.

४) आठवड्यातून एक दिवस गोष्टीऐवजी शेतीचा कागद वाचा. औषधाच्या डब्यावरचा रंगही मुलांना ओळखायला लावा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नका.

५) ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेवटी विचारा, "तुम्हाला काय वाटले?" माझ्या मायसारखे उत्तर मिळेल. ते वहीत लिहून ठेवा.

माय जाऊन आता काही वर्षे झाली. 'श्यामची आई'ची ती पाचवीतली प्रत मी शाळेला परत केली होती. तिच्या एका पानावर कंदिलाच्या काजळीचा डाग पडला होता. गुरुजींनी तो पाहिला आणि म्हणाले, "असू दे. वाचल्याची खूण आहे."

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी बोलू. तो लेखही घरात कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.