सिद्धगडाआधीचे भाई

येत्या २ जानेवारीला सिद्धगडावर नेहमीप्रमाणे पहाटेच माणसे जमतील. १९४३ साली याच दिवशी पोलिसांनी भाई कोतवालांच्या भूमिगत क्रांतिकारी गटाला, आझाद दस्त्याला, तिथल्या जंगलात गाठले आणि गोळीबारात माथेरानचे भाई व मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. गड ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात; माणसे मात्र कर्जतची. त्यामुळे कर्जत-नेरळकडून अभिवादनाला जाणाऱ्यांना जिल्ह्याची हद्द कधी आडवी आलेली नाही.

कर्जत तालुक्याच्या वाट्याला आपल्या माणसाचा चरित्रपट यायला २०२० साल उजाडले. एकनाथ देसले आणि पराग सावंत यांनी दिग्दर्शित केलेला, आशुतोष पत्कीची मुख्य भूमिका असलेला ‘शहीद भाई कोतवाल’ २४ जानेवारीला लागला. मुहूर्त कठीण होता. दोन आठवडे आधी आलेला ‘तान्हाजी’ अजून गर्दी खेचत होता, त्याच शुक्रवारी ‘पंगा’ आणि ‘स्ट्रीट डान्सर थ्रीडी’ आले होते, आणि दोन महिने व्हायच्या आत करोनाने थिएटरांना कुलूप घातले. सिंहगड जिंकणाऱ्याचा चित्रपट सिद्धगडावर पडलेल्याच्या वाटेत उभा राहिला, यात कुणाचा दोष नाही. पण हुतात्मा दिनाला पुष्पचक्रे येतात, भाषणे होतात. त्यासोबत या चित्रपटाचाही विचार व्हायला हवा.

जिद्दी माणसाची गोष्ट पडद्यावर लोकांना आवडते, कारण तिला ठसठशीत शेवट असतो. सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांवरचा ‘चंदू चॅम्पियन’ २०२४ मध्ये आला. १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेला जवान १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेतो, यापुढे पटकथाकाराला शेवट शोधावा लागत नाही. देशाला मात्र त्यांचे नाव आठवायला वेळ लागला. त्यांच्या अर्जुन पुरस्काराची घोषणा झाली ती २०२५च्या २ जानेवारीला.

भाईंच्या गोष्टीतही शेवट तयारच आहे: पहाट, जंगल, फितुरी, गोळी. त्याआधी विजेचे मनोरे आहेत. खोपोली आणि भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रांची वीज याच मुलखातून मुंबईच्या गिरण्यांना जात होती. १९४२च्या पावसाळ्यानंतर दस्त्याने मनोरे पाडले आणि सरकारची झोप उडाली. कॅमेऱ्याला हे सगळे मानवते. अवघड आहेत ती त्याआधीची वर्षे, आणि आमच्या मते खरे भाई तिथेच सापडतात.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, नाभिक कुटुंबात झाला. शिकायला पुण्याला गेले, वकील झाले आणि परत डोंगरावर आले. १९४१ साली माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. शेतकरी आणि आदिवासींच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या आणि धान्यकोठारे उभी केली. हे कोठार म्हणजे काय, ते भातावर जगणाऱ्या या पट्ट्यात समजावून सांगावे लागू नये. आषाढात कणगी रिकामी होते. मग सावकाराकडून खावटी आणायची, सुगीला दिढीने फेडायची. मणाला दीड मण. पुढच्या आषाढात पुन्हा तोच उंबरठा. गावचे कोठार असले तर धान्य गावातच राहते आणि उंबरठा चुकतो. यात घोषणा नाही, पाठलाग नाही. आहे ते वजनकाटा, वही आणि ‘याला दिले, मला का नाही’ हे भांडण. पटकथा बैठकीत सर्वांत आधी कात्री लागते ती याला.

पण हे कापले तर पुढचे उलगडत नाही. वॉरंट निघालेला माणूस महिनोन्‌महिने रानात राहतो, तेव्हा भाकरी कुणाच्या तरी चुलीवरून येते. त्याचे नाव कुणी दोन वर्षे आधी वहीत विश्वासाने पाहिलेले असते. एकट्याच्या छातीत सगळी जिद्द ठेवली की या चुली दिसेनाशा होतात. असे दाखवता येत नाही, ही सबब परेश मोकाशींच्या, दादासाहेब फाळक्यांवरच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने २००९ मध्येच खोडून काढली आहे. त्यात फाळक्यांइतकेच त्यांचे घर आहे, पत्नी सरस्वतीबाई आहेत, आणि हसवत हसवत सांगितलेली ओढगस्त आहे.

सिनेमा या मुलखाला नवा नाही. नितीन चंद्रकांत देसाईंनी २००५ साली चौकजवळ स्टुडिओ उभारला. तो खालापूर तालुक्यात असला, तरी सगळे त्याला कर्जतचा म्हणतात, आणि खालापूरकरांनी त्याबद्दल फारशी कुरकुर केलेली नाही! कलादिग्दर्शनाच्या त्यांच्या चार राष्ट्रीय पुरस्कारांपैकी एक जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’साठी होता. ‘बालगंधर्व’ची निर्मिती त्यांची. दुसऱ्यांच्या जिद्दीचे वाडे आणि दरबार उभे करणारा हा माणूस कर्जाच्या ओझ्याखाली २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच स्टुडिओत आपले आयुष्य संपवून गेला. जिद्द असली की सगळे जमते, असे सांगणाऱ्या चित्रपटांनी या घटनेकडे पाठ फिरवू नये. जिद्द देसाईंकडे कमी नव्हती.

स्टुडिओ आता राज्याच्या चित्रपट महामंडळाकडे आहे, म्हणून दोन मागण्या. कर्जत-खालापूरच्या आश्रमशाळांत जानेवारीत ‘शहीद भाई कोतवाल’ दाखवला जावा. हक्कधारकांची परवानगी, पडदा आणि प्रोजेक्टर यापलीकडे फार काही लागत नाही. आणि पुढचा चित्रपट निघालाच, तर तो हिराजी पाटलांवर निघावा. स्मारकावर त्यांचे नाव नेहमी दुसरे येते. मानिवलीच्या बाजूने, त्यांच्या नजरेने ते महिने पाहिले, तर भाईही वेगळे दिसतील, आणि कदाचित कोठाराच्या वहीलाही एखादे दृश्य मिळेल. चौकच्या स्टुडिओचे फाटक एवढ्यासाठी उघडायला महामंडळाची हरकत नसावी.